आठ चमचे साखर गेली, आठ चमचे मीठ तळाला राहिलं, असं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते कळेल. आठवीतल्या तुमच्या मुलानं दोन ग्लासांत अर्धा-अर्धा ग्लास पाणी घेतलं, एकात आठ चमचे साखर टाकली ती ढवळल्यावर गार पाण्यातच सगळी गेली, दुसऱ्यात आठ चमचे मीठ टाकलं ते तळाला राहिलं, मग पातेल्यात ओतून उकळी येईपर्यंत तापवलं तरी थोडं राहिलंच. आणि शाळेत शिकवलंय की पाण्याच्या कणांमध्ये रिकामी जागा असते तिथं साखर-मीठ जाऊन बसतं, म्हणून तो विचारतोय की मिठाला जागा कमी आणि साखरेला जास्त असं कसं. पोरगं हुशार आहे, बरोबर जागी बोट ठेवलंय.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात लॅबमध्ये लागलो आणि मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून रिटायर झालो, ३४ सीझन काढले, म्हणजे पाण्यात गेलेली साखर परत बाहेर काढायची हाच माझा धंदा. विरघळवायला काय हो, कुणालाही येतं, परत काढायची म्हटलं की मग कळतं ती आत कशी बसलेली असते.

आधी आकडे बघू. २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात मीठ जास्तीत जास्त ३६ ग्रॅम विरघळतं. चहाचा एक सपाट चमचा मीठ साधारण ६ ग्रॅम भरतं, म्हणजे सहा चमचे झाले की पाणी हात वर करतं, तुमच्या मुलानं आठ टाकले, दोनेक चमचे तळाला राहिले, हिशेब जुळला. पाणी उकळायला लागलं तरी ही मर्यादा ३६ वरनं ३९ पर्यंतच जाते, म्हणजे जेमतेम अर्धा चमचा जास्त. म्हणून गॅस जाळून उपयोग झाला नाही. साखरेचं उलट, २० अंशालाच १०० ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅमच्या थोडी वर साखर मावते, चमचा ४ ग्रॅमचा धरला तर पन्नास चमचे! आठ चमच्यांनी त्या पाण्याला काय होणार. आणि उकळत्या पाण्यात तर हा आकडा ४८० च्या पुढं जातो, १०० ग्रॅम पाण्यात जवळजवळ अर्धा किलो साखर.

आता इथं सगळे म्हणतात की साखर मिठापेक्षा सहापट विरघळते. वजनानं खरं आहे. पण विरघळताना पाणी वजन बघत नाही, डोकी मोजतं. साखरेचा एक रेणू म्हणजे १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन असा अवजड प्रकार, त्याचं वजन ३४२, आणि मिठाची एक जोडी म्हणजे एक सोडियम एक क्लोरिन, वजन साडेअठ्ठावन्न. साखरेचा एक रेणू मिठाच्या जोडीच्या जवळजवळ सहापट जड. मग २०४ ला ३४२ नं भागा आणि ३६ ला ५८.५ नं भागा, दोन्हीकडं उत्तर ०.६ च्या आसपासच येतं. म्हणजे २० अंशाच्या पाण्यात साखरेचे रेणू आणि मिठाच्या जोड्या जवळपास सारख्याच संख्येनं मावतात, एकेकाच्या वाट्याला पाण्याचे नऊ-सव्वानऊ रेणू येतात. हे बरोबरीचं जुळणं योगायोग आहे, नियम नाही, पाणी तापवलं की मोडतं, पण पोराला हे कागदावर करून दाखवाच, मजा येते. सहापट साखर मावली कारण साखर सहापट जड आहे, जागाबिगा काही नाही.

जागेचा विषय निघालाच आहे तर तोही संपवून टाकू. ती रिकाम्या जागेची गोष्ट आम्हालाही शाळेत सांगितलेली, काठोकाठ भरलेल्या ग्लासात चिमूट-चिमूट साखर टाकायची, पाणी सांडत नाही, बघा जागा आहे. अहो, काठोकाठ ग्लासात पाणी काठाच्या वर फुगवटा धरून उभं राहतं, पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो म्हणून, तुम्ही टाचण्या टाकल्या तरी कितीतरी टाचण्या मावतात, टाचणी काय पाण्याच्या कणांत जाऊन बसते होय. खरं बघायचं असेल तर मापाचा कप घ्या, एक कप पाणी, त्यात एक कप साखर, पूर्ण विरघळवा आणि परत मापा, दीड कप होतं. साखरेनं तिची स्वतःची जागा पुरेपूर घेतली. मग दोन कपांचा अर्धा कप कुठं गेला तर कोरड्या साखरेच्या दाण्यांमध्ये हवा होती ती गेली, साखरेचा भरीव भाग अर्ध्या कपाएवढाच होता.

मीठ मात्र इथं गंमत करतं. एक लिटर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ टाका, कोरड्या मिठाचा भरीव आकार २७ मिली, पण पाणी वाढतं फक्त अठरा मिलीच्या आसपास. पाणी थोडं आवळलं जातं. का ते पुढं येतंय.

तर आता आत काय होतं. पाण्याचा रेणू सरळ नसतो, वाकडा असतो, मधे ऑक्सिजन आणि दोन बाजूंना दोन हायड्रोजन, ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन. मिठाचा खडा म्हणजे सोडियमचे धन आयन आणि क्लोराईडचे ऋण आयन (आयन म्हणजे विजेचा भार असलेला कण) एकाआड एक रचलेले, विटांची भिंत म्हणा, चुना म्हणजे विजेचं आकर्षण. खडा पाण्यात पडला की पाण्याचे रेणू त्याच्या कोपऱ्यांवर आणि कडांवर लागतात, कारण कोपऱ्यावरच्या आयनाला धरून ठेवणारे शेजारी कमी असतात. सोडियमभोवती पाणी ऑक्सिजनची बाजू करून जमतं, पाच-सहा रेणू, क्लोराईडभोवती हायड्रोजनची बाजू करून, आणि दोघांमधली ओढ पाण्यामुळं जवळजवळ ८० पट कमी होते. मग तो आयन सुटतो आणि पाण्याचं कोंडाळं घेऊनच फिरतो. हे कोंडाळं घट्ट असतं, पाण्याचे रेणू एरवी बसतात त्यापेक्षा जास्त दाटीनं बसतात, म्हणून ते मघाचे नऊ मिली कमी आले.

साखरेत आयनांचा प्रकार नाही. साखरेच्या एका रेणूवर आठ ओएच गट असतात, ओ आणि एच, पाण्याच्या रेणूसारखेच हात. खड्यात हे हात एकमेकांना धरून असतात, पाण्यात पडले की पाण्याचे रेणू त्या हातात हात घालतात आणि शेजाऱ्याचा सुटतो. रेणू आख्खाच्या आख्खा बाहेर पडतो, तुटत नाही. मीठ विरघळतं तेव्हा त्याची जोडी फुटते, सोडियम वेगळा क्लोराईड वेगळा, साखर विरघळते तेव्हा साखर साखरच राहते. तेलाच्या रेणूवर असे हात नाहीत आणि आयनही नाहीत म्हणून ते पाण्यात विरघळत नाही, वेगळंच राहतं.

अजून एक, आपल्याकडं सर्रास म्हणतात साखर वितळली. वितळणं वेगळं, विरघळणं वेगळं. वितळायला पाणी लागत नाही, उष्णता लागते, मीठ वितळायला ८०१ अंश लागतात, तुमच्या गॅसवरच्या कढईत ते जन्मात वितळणार नाही. साखर १८६ च्या आसपास वितळते आणि लगेच लाल होऊन कॅरॅमल व्हायला लागते. पण आम्हीही कारखान्यात तेच पाप करतो, हलक्या प्रतीची साखर गरम पाण्यात विरघळवून परत पॅनला, म्हणजे पाक आटवायच्या बंद कढईला, घेतो त्या टाकीला मेल्टर म्हणतात आणि त्या कामाला मेल्ट करणं, आख्ख्या आयुष्यात कुणी त्याला डिझॉल्व्हर म्हटलेलं ऐकलं नाही.

साखर अख्खी राहते आणि मीठ फुटतं हे मला पहिल्याच सीझनला लॅब इनचार्ज साहेबांनी शिकवलं ते सांगतो. दोन बीकर पुढं ठेवले, दोन्हीत पाण्यासारखं पाणी, म्हणाले, "एकात साखर इरघळलीया, एकात मीठ. चाखायचं न्हाई, वास घ्यायचा न्हाई, कुठलं काय ते सांग." मी नवीन, जोशात, रिफ्रॅक्टोमीटर घेतला, एकेक थेंब काचेवर ठेवला, एकात ब्रिक्स १० आलं, दुसऱ्यात साडेअकराच्या आसपास. ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साखर किती ग्रॅम असं आम्ही घोकलेलं, मी म्हटलं साहेब दोन्हीत साखरच आहे, दुसऱ्यात जास्त आहे. साहेब इतके हसले की चहावाला पोरगा आत बघायला आला. रिफ्रॅक्टोमीटर फक्त प्रकाश किती वाकतो ते बघतो, मीठ विरघळलं तरी प्रकाश वाकतोच, त्याला काय कळतंय साखर का मीठ, तो सगळ्याला साखरच म्हणतो. दोन्ही १० टक्क्यांचंच द्रावण होतं. मग त्यांनी दोन्ही पोलॅरिमीटरला लावले. साखरेचा रेणू एका विशिष्ट अंगानं वळलेला असतो, त्यातनं ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश, गेला की तो उजवीकडं फिरतो, शुद्ध साखर २६ ग्रॅम घेऊन १०० मिली केली की मशीन बरोबर १०० दाखवतं. मिठाच्या बीकरला शून्य. मग कंडक्टिव्हिटी मीटर, तिथं साखरेचा बीकर जवळपास शून्य आणि मिठाच्या बीकरला काटा पार पलीकडं, कारण वीज वाहायला सुटे आयन लागतात आणि साखरेकडं ते नाहीत. आम्ही साखरेची राख, म्हणजे तिच्यातले क्षार, याच मीटरवर मापतो, साखर जाळत बसत नाही. त्या दिवसापासून विरघळणं म्हणजे काय हे मला वेगळं समजावून सांगायला लागलं नाही.

हे घरी करता येतं. नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, एक रेझिस्टर आणि दोन वायर, आरओचं पाणी घ्या, त्यात साखर विरघळवून वायर बुडवा, एलईडी लागत नाही, चिमूटभर मीठ टाका, लागतो. नळाचं पाणी घेऊ नका, त्यात आधीच क्षार असतात, एलईडी मिणमिणतो आणि पोरगं गोंधळतं. दहा-पंधरा सेकंदांवर चालू ठेवू नका, मिठाच्या पाण्यात एका वायरला क्लोरिन सुटायला लागतो, स्विमिंग टँकसारखा वास येतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. किती विरघळतं आणि किती लवकर विरघळतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते कायम एकात कालवतात, मास्तर लोकसुद्धा. ढवळलं, बारीक केलं, की लवकर विरघळतं, जास्त विरघळत नाही. तुमचा मुलगा तळाचं मीठ तासभर ढवळत बसला असता तरी चमचाभरसुद्धा जास्त गेलं नसतं.

लिंबू सरबताचं बघा. बर्फ आधी टाकला आणि साखर नंतर टाकली तर साखर तळाला बसते आणि सगळे म्हणतात गार पाण्यात साखर विरघळत नाही. शून्य अंशाच्या पाण्यातसुद्धा १०० ग्रॅमला १८० ग्रॅमच्या आसपास साखर मावते हो! तुमच्या सरबतात तीन चमचे. मावायचा प्रश्नच नाही, फक्त वेळ लागतो, शून्य अंशाचं पाणी २५ अंशाच्या पाण्याच्या दुप्पट दाट असतं, रेणू हळू हलतात. मीठ मात्र त्याच गार सरबतात पटकन जातं, दाणा बारीक आणि आयन हलके, पाण्यात पसरायचा वेग साखरेच्या तिप्पट.

साखर कशी जाते ते डोळ्यांनी बघायचं असेल तर दोरा लावलेली खडीसाखर आणा, कोल्हापुरात महाद्वार रोडला कुठल्याही पूजा साहित्याच्या दुकानात मिळते. काचेचा उंच ग्लास खिडकीत ठेवा, पाणी स्थिर होऊ द्या, आणि खडा दोऱ्यानं पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळत सोडा, पलीकडनं उजेड येईल असं बघा. खड्याच्या खालच्या टोकातनं बारीक थरथरती रेघ खाली उतरताना दिसेल, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते ना, तशीच पण उलटी, खाली जाणारी. तो साखरेचा पाक आहे, पाण्यापेक्षा जड, म्हणून तळाला उतरतोय आणि खड्याला वरनं नवीन पाणी मिळतंय. दहा-पंधरा मिनिटांत खड्याच्या कडा गोल होतात, कोपरे आधी जातात, मघाशी म्हटलं तसं. आता दुसऱ्या ग्लासात तेवढाच खडा तळाला टाका आणि हात लावू नका. तो लोंबकळत्यापेक्षा कितीतरी हळू जातो, कारण त्याच्या भोवती त्याचाच पाक साचतो, आणि पाकात साखर विरघळायला तिथली गर्दी आधी हटायला पाहिजे. नुसत्या रेणूंच्या आपोआप भटकण्यावर सोडलं तर साखरेला पाच सेंटीमीटर वर चढायला महिनाभर लागेल. चहाच्या कपाच्या तळाला शेवटचा घोट गोडमिट्ट लागतो तो ह्याच्यामुळं. ढवळणं म्हणजे हा साचलेला पाक खड्यापासनं बाजूला सारणं, दुसरं काही नाही.

बारीक दाण्याचंही तसंच. एक सेंटीमीटरचा ठोकळा घ्या, सहा बाजू, सहा चौरस सेंटीमीटर अंग उघडं. त्याचे एक-एक मिलीमीटरचे तुकडे केले की साठ चौरस सेंटीमीटर. मार्केटला एस-३० आणि एम-३० असे साखरेचे भाव वेगवेगळे निघतात ते दाण्याच्या आकारावरनं, एस बारीक, एम मोठा, चव एकच. हॉटेलवाले एम मागतात, दिसायला छान, पण घरी चहाला एस घ्या, बोटं कमी दुखतील.

आता तापमान. तापवल्यावर लवकर तर दोन्ही विरघळतात, पण जास्त फक्त साखर. कारण असं की मिठाचा खडा फोडायला दर मोलला, म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम मिठाला, ७८७ किलोज्यूल खर्च येतो, आणि आयनाभोवती पाणी जमलं की जवळजवळ तेवढेच परत मिळतात, चारेक किलोज्यूलचाच फरक. जमाखर्च बरोबरीत सुटतो, मग बाहेरनं उष्णता दिली काय न दिली काय, त्याला सोयरसुतक नाही. बरोबरीत सुटतो तरी विरघळतं का, तर एका जागी कवायतीला उभे असलेले आयन सगळीकडं विखुरले जातात आणि निसर्गाला विखुरलेलं चालतं. साखर दाट पाकात जाताना उष्णता जास्त खाते म्हणून तापवलं की आणखी आत जाते, उकळत्या पाण्यात तर साखरेच्या एका रेणूच्या वाट्याला पाण्याचे चारच रेणू उरतात, तरी नांदतात बिचारे.

ह्यावरच दोन अख्खे धंदे वेगळे झालेत बघा. घाट उतरून खाली कोकणात गेलं की मिठागरं, तिथं पाणी उन्हात आटवतात. मिठाचं पाणी उकळून गार करून मीठ काढायचं म्हटलं तर १०० अंशावरनं २० वर आणलं तरी १०० ग्रॅम पाण्यामागं तीनच ग्रॅम खाली पडेल. साखरेत तेच केलं तर २८० ग्रॅम पडते. म्हणून आम्ही आटवतोही आणि गारही करतो, शेवटच्या मॅसक्विटला, म्हणजे दाणे आणि पाक यांच्या दाट मिश्रणाला, क्रिस्टलायझरमध्ये तासन्‌तास हळूहळू गार करत फिरवत ठेवतो.

पण ती पडते म्हणजे आपली आपण पडते असं समजू नका. साखर मर्यादेच्या वर गेली तरी लगेच दाणा धरत नाही, लाजते, पाक तसाच दाट होत राहतो. पॅनमध्ये व्हॅक्यूम असतो म्हणून पाक ६५ अंशाच्या आसपासच उकळतो, मर्यादेच्या थोडं वर नेऊन त्यात बारीक दळलेल्या साखरेचं बी सोडायचं, मग त्या बियांवरच साखर चढत जाते. मर्यादेपेक्षा फार वर गेलात तर जिथं तिथं स्वतःहून नवीन दाणे फुटतात, त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात, आणि तो मी स्वतः घालवलेला आहे. नाईट शिफ्ट, मी शिफ्ट केमिस्ट होऊन महिना झालेला, यार्डात गाड्या तटलेल्या, मी पॅनमन मामांच्या मागं लागलो की स्टीम वाढवा, लवकर दाट करा. मामा म्हणाले, "सायेब, गडबड करू नगा, साखर रुसती." मी ऐकलं नाही. थोड्या वेळानं मामांनी सळईनं नमुना काढला, काचेवर पसरला आणि काही न बोलता बल्बसमोर धरून मला दाखवला, मोठ्या दाण्यांच्या मधे सगळीकडं पिठासारखी धूळ. मग मामांनीच पॅनला पाणी दिलं आणि थोडं तापवलं. बारीक दाणे आधी विरघळले, मोठे थोडे झिजले पण टिकले. अंग जास्त उघडं ते आधी जातं, वर ठोकळ्याचं सांगितलं तेच. दोन तास गेले, वाफ गेली, सकाळी चीफ केमिस्टकडनं जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते ह्या दाण्याच्याच भीतीनं. आंबट आणि उष्णता मिळाली की साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, ते मधे लुडबुड करतात आणि दाणा धरू देत नाहीत. घरी ही युक्ती, आमच्याकडं तो तोटा, म्हणून रस आला की आधी चुन्याचं दूध, म्हणजे पाण्यात कालवलेला चुना, देऊन आंबटपणा मारायचा.

साखर आणि मीठ एकाच पाण्यात आले की काय होतं हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला भोगावं लागलं नसेल. शिरोळकडं पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या, त्या खारवट रानातल्या उसात क्षार जास्त येतात. गुऱ्हाळवाल्यांना विचारा, त्या रसाची काहील उतरवली तर गूळ खारट लागतो, नीट बसत नाही, पावसाळ्यात पाझरतो. कारखान्यात तो त्रास मळीत, म्हणजे दाणा काढून उरलेल्या काळ्या दाट पाकात, दिसतो. रसातले क्षार, मुख्य म्हणजे पोटॅशचे, साखरेला दाणा होऊ देत नाहीत, विरघळलेलीच धरून ठेवतात. सगळं करून शेवटी जी मळी उरते तिच्यात ३० टक्क्यांच्या आसपास साखर असते, आम्हाला ती दिसते, पोलॅरिमीटर दाखवतो, पण काढता येत नाही, काढायला जो खर्च होईल तेवढी ती किमतीची नाही. आपली रिकव्हरी, म्हणजे शंभर किलो उसामागं निघणारी साखर, १२ टक्क्यांच्या आसपास म्हणून आपण मिरवतो, पण मळीतनं गेलेल्या साखरेकडं बघून दर सीझनला पोटात कालवायचंच.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं आणि साखरेला लवकर सुटत नाही, तेही ह्याच गावचं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळायला लागतं, साखरेला त्यासाठी ८५ च्या आसपास लागतो. जुलैत आपल्याकडं ७५ तर रोजच ओलांडतं. खडे मीठ त्याहून वाईट, त्यात मॅग्नेशियम क्लोराईड असतं, ते जेमतेम ३३ टक्क्यांपासनंच पाणी ओढतं. बरणीत तांदूळ टाकतात ते बरोबर आहे.

आता पोराचं ते मिठाचं पाणी फेकू नका. वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या ग्लासात ओतून घ्या, कापड बांधून कपाटावर ठेवा, झाकण नको, पाणी आटलं पाहिजे. आठवड्याभरात तळाला चौकोनी, अगदी ठोकळ्यासारखे दाणे दिसतील, आयन जसे आत रचलेले असतात तसेच बाहेर दिसतात. साखरेच्या ग्लासात मात्र आठ चमच्यांनी काही होणार नाही, १०० मिली पाणी उकळून त्यात २५० ग्रॅम साखर पूर्ण जाऊ द्या, दाणा तळाला राहता कामा नये, आणि दोऱ्याला आधी ओला करून चिमूटभर साखर चिकटवून, सुकवून, मग पाक कोमट झाल्यावर लोंबकळत सोडा. दोन आठवडे हलवू नका. दोरा सुती घ्या, नायलॉनवर खडा नीट धरत नाही.